हडपसरची लढाई, २५ ऑक्टोबर १८०२ : निवाडा न झालेल्या भांडणाची लढाई

घोडनदी (धागाकर्ता)

पानिपत, खर्डा, असई यांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं-बोललं जातं. हडपसरची लढाई मात्र वसईच्या तहाची प्रस्तावना म्हणून एका वाक्यात उरकली जाते. होळकर जिंकले, पेशवा दुसरा बाजीराव पळाला, इंग्रजांशी तह झाला, संपलं. खुद्द पुण्याच्या वेशीवर, ऐन दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या दिवशी मराठ्यांच्या दोन सर्वांत मोठ्या फौजा, शिंद्यांची आणि होळकरांची, एकमेकींवर तोफा डागत होत्या. त्या दिवसाकडे लढाई म्हणून आणि यादवी म्हणून नीट बघायला हवं, असं मला फार दिवसांपासून वाटतं. म्हणून हा धागा.

आधी भांडणाचं मूळ सांगतो, कारण त्याशिवाय रणांगणावर कोण कशासाठी उभं होतं ते कळत नाही.

तुकोजी होळकर १५ ऑगस्ट १७९७ ला पुण्यात वारले. त्यांना चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव हे लग्नाच्या बायकोचे, विठोजी आणि यशवंतराव हे नाटकशाळेचे, म्हणजे रखेलीचे. काशीराव थोरला, पण तब्येतीनं आणि कर्तबगारीनं दुबळा. मल्हारराव धडाडीचा, आणि दोघे सावत्र भाऊ त्याच्या बाजूनं. नाना फडणवीसांचा कलही मल्हाररावाकडे. काशीरावानं दौलतराव शिंद्यांचा आश्रय घेतला. दौलतराव तेव्हा अठरा वर्षांच्या आतबाहेरचे, महादजींची सगळी कवायती (युरोपियन पद्धतीनं शिकवलेली) फौज हाताशी. होळकरांची गादी आपल्या मुठीत राहील, हा हिशोब उघड होता. १४ सप्टेंबर १७९७ ला पहाटे शिंद्यांच्या पलटणींनी पुण्याजवळच मल्हाररावाच्या तळाला वेढा घातला आणि त्यात तो मारला गेला. त्याची बायको गरोदर होती. पुढे तिला मुलगा झाला, खंडेराव. आई आणि मूल दोघंही शिंद्यांच्या ताब्यात.

विठोजी कोल्हापुराकडे निसटला, यशवंतराव नागपूरला. भोसल्यांनी त्याला कैद केलं, तिथूनही तो निसटला आणि माळव्यात जाऊन मूठभर स्वारांनिशी त्यानं फौज उभी करायला घेतली. आपण खंडेरावाच्या नावानं दौलत चालवतो, अशी त्याची भूमिका होती. विठोजीनं दक्षिणेत पेशव्यांच्या मुलखात लूटमार मांडली, १८०१ मध्ये तो बापू गोखल्यांच्या माणसांच्या हाती सापडला. त्याला पुण्यात आणून १६ एप्रिल १८०१ ला शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिलं. बाजीराव आणि त्याचा लाडका बाळाजी कुंजीर हे वाड्यातून बघत होते.

तुकोजींच्या मृत्यूनंतर पेशव्याचं काम एकच होतं. सरदाराच्या घरात वारसाचा वाद झाला की दोन्ही बाजू ऐकायच्या, एकाला वारसदार म्हणून मानाची वस्त्रं द्यायची, दुसऱ्याला पोटापाण्यापुरता सरंजाम लावून द्यायचा, आणि जो ऐकणार नाही त्याच्यावर बाकीच्या सरदारांना पाठवायचं. ही व्यवस्था कधी सरळ चालली नाही हे खरं, पण थोरल्या माधवरावांच्या काळात ती चालली होती. १७९७ मध्ये पेशव्यानं निवाडा दिलाच नाही. ज्याच्याकडे तोफा होत्या त्याला हवं ते करू दिलं. हडपसर तिथे सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे.

लढाईचं वर्णन पुढच्या प्रतिसादात लिहितो.

——

तोफखाना

उत्तम विषय. वाचतोय. एक भर घालतो. शिंदे-होळकर ही चुरस तुकोजींच्या मृत्यूनंतर सुरू झाली असं नाही. १ जून १७९३ ला राजस्थानात लाखेरीला दोघांची पूर्ण लढाई झाली होती. महादजींकडून त्यांचा युरोपियन सेनानी द बॉयन, तुकोजींकडून द्युद्रनेक या त्यांच्या युरोपियन अधिकाऱ्याच्या पलटणी आणि प्रचंड घोडदळ. द बॉयनच्या दारूगोळ्याच्या गाड्यांचा स्फोट झाला तरी त्यानं रचना मोडू दिली नाही, आणि होळकरांच्या कवायती पलटणी तिथे जवळजवळ नाहीशा झाल्या. त्या वेळी पुण्यात नाना होते, सवाई माधवराव पेशवे होते, महादजी स्वतः पुण्यातच होते. तरी लढाई थांबली नाही. म्हणजे निवाड्याची व्यवस्था बाजीराव यायच्या आधीच खिळखिळी झालेली होती. सगळा दोष एकट्या बाजीरावावर टाकणं मला पटत नाही.

——

घोडनदी

तोफखाना, लाखेरीचा मुद्दा मान्य. फरक एवढाच की लाखेरीनंतर दोन्ही घरं पुन्हा एका दरबारात बसली आणि १७९५ ला खर्ड्यावर निजामाविरुद्ध एकत्र लढली. हडपसरनंतर ते पुन्हा कधी झालं नाही.

आता लढाईकडे.

१८०१ मध्ये माळव्यात शिंदे-होळकरांच्या दोन मोठ्या लढाया झाल्या. जुलैत उज्जैनला यशवंतरावानं शिंद्यांच्या हेसिंगच्या पलटणी कापून काढल्या. १४ ऑक्टोबरला इंदूरला शिंद्यांच्या सदरलंड या अधिकाऱ्यानं यशवंतरावाचा सडकून पराभव केला, तोफा गेल्या, राजधानी गेली. कोणालाही वाटावं की हा माणूस संपला. तो बरोबर एक वर्ष आणि अकरा दिवसांनी पुण्याच्या दारात चौदा कवायती पलटणी घेऊन उभा होता. ही एवढी फौज त्यानं कशी पुन्हा उभी केली, हे त्याच्या आयुष्यातलं मला सर्वांत थक्क करणारं काम वाटतं. खजिना नव्हता, लुटीच्या आशेवर माणसं गोळा झाली होती, आणि हीच गोष्ट पुढे पुण्याला भोवली.

१८०२ च्या पावसाळ्यात तो खानदेशातून दक्षिणेकडे सरकला. त्याचे सरदार पुढे पसरले होते. फत्तेसिंग माने ८ ऑक्टोबरला बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेला भिडला आणि तिला उधळून लावलं. इकडे दौलतराव स्वतः माळव्यातच राहिले, त्यांनी सदाशिव भास्कर बक्षीला फौज देऊन पाठवलं. तो बऱ्हाणपुराहून जालना, बीड करत आला आणि पेशव्यांच्या फौजेसह आळेबेल्ह्याच्या घाटाकडे वाट अडवून बसला. यशवंतराव त्या वाटेनं आलाच नाही. अहमदनगरावरून वळसा घालून तो थेट जेजुरीला उतरला. खंडोबा होळकरांचं कुलदैवत. तिथे फत्तेसिंग मान्याला गाठून, राजेवाडीच्या घाटानं उतरून २३ ऑक्टोबरला त्यानं लोणी आणि हडपसरच्या मध्ये तळ टाकला. सदाशिव भास्करला घाईघाईनं मागे फिरून पुणं झाकावं लागलं. त्याची छावणी वानवडी-घोरपडीच्या बाजूला, जिथे पुढे इंग्रजांनी कॅन्टोन्मेंट बसवलं त्या माळावर पडली.

दोन दिवस वकील ये-जा करत होते. यशवंतरावाचं म्हणणं मुख्यतः घरचंच होतं. खंडेरावाला सोडा, होळकरांचा बळकावलेला मुलूख परत करा, पेशव्यांनी मध्ये पडून शिंद्यांशी आमचा वाद मिटवावा. बाजीरावाचं उत्तर होतं, आधी फौज मागे ने. यशवंतराव म्हणाला की पेशव्यांशी माझं भांडण नाही, मी चाकर आहे, माझं भांडण शिंद्यांशी. यातलं किती मनापासूनचं होतं यावर वाद घालता येईल. पण बोलणी लागली असती तर निदान तोंड तरी त्या दिशेला होतं.

२५ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. होळकरांकडे चौदा कवायती पलटणी, पाचेक हजार बिगरकवायती पायदळ आणि पंचवीस हजार घोडदळ. पलटणींवर विकर्स, हार्डिंग आणि आर्मस्ट्राँग हे अधिकारी. शिंद्यांकडे दहा पलटणी. त्यातल्या चार द बॉयननं तयार केलेल्या जुन्या, डॉज नावाच्या कॅप्टनच्या हाताखाली, बाकीच्या शिंद्यांचे सरदार अंबाजी इंगळ्यांच्या. पेशव्यांची हुजरात (खुद्द त्यांची फौज) धरून घोडदळ दहा हजारांच्या आसपास.

पहिले काही तास नुसता तोफांचा मारा. मग घोडदळं भिडली आणि सुरुवातीला होळकरांचे स्वार मागे रेटले गेले. इथे लढाई हातची जायची वेळ आली होती. यशवंतराव स्वतः घोड्यावर बसला, पळणाऱ्यांना वळवलं आणि त्यांच्या पुढे राहून शिंद्यांच्या घोडदळावर तुटून पडला. ते घोडदळ फुटलं, हुजरात फुटली, अंबाजींच्या पलटणींनीही दम सोडला. उरल्या त्या द बॉयनच्या चार पलटणी. त्या हलल्या नाहीत. दोन्ही बाजू उघड्या पडल्या, गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, तरी त्या लढत राहिल्या. त्यांच्या चार युरोपियन अधिकाऱ्यांपैकी तिघे मेले. होळकरांकडचा हार्डिंग यशवंतरावाच्या सोबत धाव घेताना पडला, खुद्द यशवंतराव जखमी झाला. दुपार कलायच्या आत निकाल लागलेला होता. शिंद्यांच्या तोफा, तंबू, सामान सगळं होळकरांच्या हाती.

पेशवा सकाळी वाड्यातून रणांगणाकडे निघाला होता. जय मिळणार अशी त्याची खात्री होती. तोफांचा आवाज जवळून ऐकल्यावर तो दक्षिणेकडे वळला आणि पराभवाची बातमी येताच सिंहगडावर गेला.

——

वानवडीवाली

अंगावर काटा आला. मी शिंदे छत्रीपासून चालत पाच मिनिटांवर राहते. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला इथेच वानवडीला गेले, त्यांनी बांधलेलं महादेवाचं देऊळ तेव्हाही इथे होतं. म्हणजे द बॉयनच्या त्या चार पलटणी ज्यांनी महादजींसाठी उत्तर हिंदुस्थान जिंकला, त्या महादजींच्या दहनभूमीच्या आसपास, मराठ्यांच्याच हातून मेल्या. छत्री बघायला येणाऱ्या कितीतरी लोकांना मी महादजींबद्दल सांगते, पण या लढाईचं नावही कुणी काढत नाही.

एक प्रश्न आहे. त्या लहान खंडेरावाचं पुढे काय झालं?

——

मावळमाती

लेख चांगला आहे, पण यशवंतरावाकडे झुकलेला वाटतो, आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे.

पुणे, नगर, नाशिक या भागातल्या गावांना त्या दोन वर्षांत जे सोसावं लागलं ते या चर्चेत येणार की नाही? होळकरांच्या फौजेला पगार नव्हता, ती मुलखावर जगत होती. पेंढारी सोबत होते. उभी पिकं गेली, गुरं गेली, बियाणं गेलं. त्यात पाऊस गेला. १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनच्या इतिहासातला अत्यंत भयंकर दुष्काळ आहे, आणि जिल्ह्यांच्या जुन्या नोंदी त्याचं कारण सांगताना अवर्षणाच्या बरोबरीनं होळकर आणि पेंढाऱ्यांची धामधूम लिहितात. गावंच्या गावं ओस पडली. हडपसरला यशवंतरावानं घोड्यावर बसून काय शौर्य गाजवलं हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तेच येतं. आपल्या भागात 'होळकरांचा दंगा' म्हणून त्याची आठवण राहिली, ती उगीच नाही.

विठोजीला हत्तीच्या पायी दिलं ते क्रूर होतंच. पण विठोजीनं ज्यांची गावं जाळली त्यांचं काय?

——

रेवाकाठ

मावळमाती, तुमचा राग समजतो. मी इंदूरची. आमच्याकडे हीच कथा दुसऱ्या टोकाकडून सांगितली जाते.

ऑक्टोबर १८०१ मध्ये शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे इंदुरात शिरले तेव्हा त्यांनी शहर लुटलं आणि राजवाडा जाळला. आज उभा आहे तो वाडा त्यानंतर पुन्हा बांधलेला. अहिल्याबाईंना जाऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. ज्या माळव्यात तीस वर्षं शेतकरी निर्धास्त होता तिथे शिंदे-होळकरांच्या फौजा आळीपाळीनं फिरत होत्या. यशवंतरावानंही उज्जैनला काही दयामाया दाखवली नव्हती, हेही सांगते.

आणि पुण्याबद्दल म्हणाल तर याच सर्जेरावांनी १७९८ मध्ये पुण्याच्या सावकारांकडून, ब्राह्मणांकडून, नानांच्या माणसांकडून पैसे काढताना काय केलं? तापवलेल्या तोफांना माणसं बांधल्याच्या हकिकती आहेत. तेव्हा पेशवा शनिवारवाड्यातच होता, आणि शिंद्यांच्या फौजेचा खर्च भागवायला त्याची त्याला संमती होती. मग पुण्याच्या लुटीची आठवण फक्त होळकरांच्या नावावर का?

यशवंतराव निर्दोष होता असं मला म्हणायचं नाही. पण बंडखोर एकटा तो आणि बाकीचे राज्य सांभाळणारे, अशी मांडणी झाली की मला वाईट वाटतं.

——

मावळमाती

रेवाकाठ, घाटग्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ती वसुली अक्षम्य होती. माझं म्हणणं एवढंच की रयतेच्या बाजूनं बघितलं तर या लढाईत आपलं कुणीच नव्हतं.

——

दौतलेखणी

चर्चेत एक तपशील राहू नये म्हणून लिहितो, कारण तो फार महत्त्वाचा आहे.

गव्हर्नर जनरल वेलस्ली काही वर्षं बाजीरावाच्या मागे लागला होता की आमची तैनाती फौज घे. बाजीराव टोलवत होता. त्याला दुबळा, भित्रा म्हणणं सोपं आहे, पण या एका बाबतीत त्यानं बराच काळ दम धरला होता, हे त्याच्या पदरात टाकायला हवं. हा दम हडपसरच्या दिवशी सुटला. लढाईच्याच दिवशी त्याच्या दिवाणानं रेसिडेंट, म्हणजे पुण्यातला इंग्रजांचा वकील, बॅरी क्लोज याच्याकडे लेखी मसुदा पोचवला. सहा पलटणी ठेवून घेतो आणि त्यांच्या खर्चाला पंचवीस लाखांचा मुलूख देतो. म्हणजे वसईचा तह ३१ डिसेंबरला झाला, पण त्याचा गाभा २५ ऑक्टोबरलाच कागदावर आला होता. अंतिम तहात आकडा सव्वीस लाख झाला एवढंच.

पुढे तो सिंहगडावरून रायगडाकडे, महाडला, तिथून सुवर्णदुर्ग, आणि मग समुद्रमार्गे डिसेंबरच्या मध्यात वसईला. यशवंतरावानं त्याला परत बोलावण्यासाठी निरोप पाठवले होते. सदुसष्ट दिवस होते हातात. तो परत फिरला नाही.

आता धागाकर्त्याच्या मुद्द्याकडे येतो. तहाची कलमं बघा. तैनाती फौज, मुलूख, सुरतेवरचा हक्क सोडणं, इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतल्या युरोपियनांना चाकरीत न ठेवणं, हे सगळं आपण वाचलेलं असतं. पण त्यातच असंही कलम आहे की निजाम आणि गायकवाड यांच्याशी पेशव्यांचे जे वाद असतील त्यांत इंग्रजांचा निवाडा मान्य करायचा. घोडनदी म्हणतात की पेशव्यानं होळकरांच्या घरचा निवाडा करायचं टाळलं. पाच वर्षांनी त्यानं स्वतःचे वाद दुसऱ्याच्या निवाड्याला लिहून दिले. मला वाटतं तुमच्या मांडणीला याहून भक्कम आधार मिळणार नाही.

——

घोडनदी

दौतलेखणी, मनापासून आभार. हे कलम माझ्या वाचनात होतं, पण १७९७ शी त्याची अशी गाठ मी घातली नव्हती. यानंतर मला माझा धागा तुमच्या प्रतिसादाशिवाय अपुरा वाटेल.

मावळमाती, रयतेच्या हालांचा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता आणि तुम्ही तो आणलात. एक भर. लढाई जिंकल्यावर लगेच यशवंतरावानं पुण्यात शिरायला आतुर झालेल्या आपल्याच लोकांना आवरलं होतं, शहराला पहारे बसवले होते. रेसिडेन्सीलाही धक्का लागू दिला नाही, क्लोजला भेटून इंग्रजांशी बिघाड नको असंच सांगत राहिला. लूट आणि जबर वसुली झाली ती नंतर, आठवड्यांवर आठवडे गेले, पेशवा येईना आणि पलटणींचा पगार थकला तेव्हा. त्यानं त्याचा गुन्हा कमी होत नाही. पण त्या फौजेचं गणितच असं होतं की जिंकल्यावर दोन महिन्यांत ती जिंकलेल्या शहराला खाणार होती.

त्याची खरी अडचण राजकीय होती. लढाई जिंकून तो गादीवर कुणाला बसवणार? जुन्नराहून अमृतरावाला, म्हणजे राघोबादादांच्या दत्तकपुत्राला आणलं, कारभार त्याच्या नावे सुरू केला. क्लोज पुण्यात थांबावा यासाठी दोघांनी बरीच खटपट केली, कारण इंग्रज रेसिडेंट दरबारात असणं हीच एक प्रकारची मान्यता. नोव्हेंबर संपता संपता तो निघून गेला. पेशव्याशिवाय पुणं ताब्यात असणं याला काही अर्थ नव्हता. यशवंतरावाला रणांगण समजत होतं, दरबार बसवता येत नव्हता. नाना फडणवीस १३ मार्च १८०० ला गेले होते, आणि ते काम करू शकेल असं तेव्हा पुण्यात कोणी उरलं नव्हतं.

——

तोफखाना

लढाईच्या अंगानं थोडं लिहितो.

कवायती पलटण आणि तिच्या तोफा एका रांगेत ठाम असतील तर समोरून आलेलं घोडदळ ती सहसा परतवते. लाखेरीला तेच दिसलं. मग हडपसरला घोडदळानं बाजी कशी मारली? माझ्या मते उत्तर दोन गोष्टींत आहे. होळकरांकडे या वेळी स्वतःच्या चौदा पलटणी होत्या, त्यामुळे शिंद्यांचं पायदळ समोरच्या पायदळात आणि तोफांत गुंतून पडलं. आणि शिंदे-पेशव्यांचं घोडदळ फुटल्यावर पलटणींची बगल उघडी पडली. तोफ पुढे मारते, बाजूनं आलेल्या स्वाराला गोलंदाज अडवू शकत नाही. एकदा गोलंदाज कापले की पलटण उघड्या माळावर एकटी. यशवंतरावानं आधी घोडदळ फोडलं, मग तोफांकडे वळला. पायदळ, तोफा आणि घोडदळ तिन्हीचा मेळ त्या दिवशी मराठी फौजेनं फार चांगला घातला होता. तो मेळ दुसऱ्या मराठी फौजेविरुद्ध घातला गेला याचं मला दुःख आहे.

दुसरं, अधिकाऱ्यांबद्दल. दोन्हीकडे इंग्रजी नावाचे लोक. हार्डिंगबद्दल असं नोंदलेलं आहे की मरताना त्यानं रेसिडेन्सीत आपल्या देशबांधवांशेजारी पुरण्याची इच्छा सांगितली. पुढच्याच वर्षी कंपनीशी युद्ध लागलं तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्लीनं जाहीर केलं की शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनांना कंपनी तनखा देईल, आणि बरेच जण सोडून गेले. विकर्सनं १८०४ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढायला नकार दिला, यशवंतरावानं त्याला डॉड आणि रायन या अधिकाऱ्यांसह ठार केलं. आर्मस्ट्राँग वेळीच निसटला. ज्या अधिकाऱ्यांच्या जोरावर आपण एकमेकांना हरवत होतो ते खऱ्या शत्रूसमोर उभं राहायच्या वेळी आपले नव्हते. याची कल्पना १८०२ मध्ये दोन्ही छावण्यांत कुणाला आली नसेल असं मला वाटत नाही.

——

रानपाखरू

मी या विषयात नवीन आहे, पण सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. एक सांगा, हडपसरला शिंदे हरले नसते तर असई झाली नसती का? आणि असईला होळकर का आले नाहीत?

——

घोडनदी

पहिल्या प्रश्नाचं खात्रीनं उत्तर देता येणार नाही, पण एक दिशा सांगतो. हडपसरला गेलेल्या पलटणी ही शिंद्यांच्या एकूण फौजेचा लहान भाग होता. पेरॉन या शिंद्यांच्या फ्रेंच सेनापतीकडे उत्तरेत मोठी फौज शाबूत होती, आणि असईला २३ सप्टेंबर १८०३ ला शिंद्यांच्या तोफखान्यानं आर्थर वेलस्लीचं (गव्हर्नर जनरलच्या धाकट्या भावाचं) जे नुकसान केलं ते त्याला आयुष्यभर आठवलं. म्हणजे हडपसरनं शिंद्यांचा कणा मोडला असं म्हणता येत नाही. हडपसरनं मोडला तो विश्वास.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. १८०३ च्या उन्हाळ्यात शिंदे, नागपूरकर भोसले आणि होळकर यांनी एक व्हावं म्हणून खटपटी झाल्या. खंडेरावाला सोडायची, मुलूख परत द्यायची बोलणीही झाली. पण यशवंतरावानं आपली फौज माळव्यात नेली आणि तो बघत राहिला. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मल्हारराव गेला तो शिंद्यांच्या पलटणींमुळे. विठोजी गेला तो पेशव्याच्या हुकमानं. इंदूर जळालं ते शिंद्यांच्या सासऱ्याच्या हातून. हे सगळं सहा वर्षांतलं. हे समजून घेऊनही मी म्हणेन की त्यानं यायला हवं होतं. तो आला नाही ही त्याच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक आहे, हडपसरहूनही मोठी. असई, दिल्ली, लासवारी, आडगाव, सगळं काही महिन्यांत झालं आणि तो बाहेर राहिला. मग १८०४ मध्ये तो एकटा इंग्रजांशी लढला, इंग्रज कर्नल मॉन्सनची दाणादाण उडवली, दिल्लीपर्यंत धडकला, आणि तेव्हा शिंदे बाहेर होते.

——

दौतलेखणी

पुण्यापुरती शेवटची कडी जोडतो. यशवंतराव १८०३ च्या सुरुवातीला उत्तरेकडे निघून गेला, अमृतराव थोड्या लोकांनिशी मागे राहिला. तो शहर जाळणार अशी बातमी उठली म्हणून आर्थर वेलस्ली घोडदळ घेऊन धावत आला, बत्तीस तासांत साठ मैल, आणि २० एप्रिलला पुण्यात शिरला. अमृतराव त्याआधीच निघाला होता. पुढे त्यानं इंग्रजांशी जुळवून मोठा तनखा घेतला आणि काशीकडे गेला. १३ मे ला बाजीराव इंग्रजी पलटणींच्या पहाऱ्यात शनिवारवाड्यात परतला.

शहरातल्या लोकांनी त्याचं स्वागत केलं असं वर्णन आहे, आणि मला ते खोटं वाटत नाही. होळकरांची वसुली सोसलेल्या माणसांना पेशवा परत आला एवढंच दिसत होतं.

——

वानवडीवाली

माझा प्रश्न राहिला. खंडेराव?

——

रेवाकाठ

मी सांगते. शिंद्यांच्या कैदेत असीरगडावर वगैरे ठेवलेलं ते मूल अखेर यशवंतरावाकडे आलं. दौलत त्याच्याच नावानं चालली होती, शिक्का त्याचा. पण काही वर्षांत, वयाची दहा वर्षं पुरी व्हायच्या आधीच, तो मुलगा वारला. काशीरावही त्याच सुमारास मारला गेला. यशवंतरावानंच पुतण्याला विष दिलं असा संशय तेव्हापासून आहे आणि माळव्याबद्दल लिहिणाऱ्या इंग्रजांनीही तो नोंदवला आहे. आमच्याकडे यावर दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं भेटतील. त्यानंतर यशवंतरावाच्या डोक्यावर परिणाम झाला. तोफा ओतायच्या कारखान्यात रात्रंदिवस राबायचा, मग भान सुटलं. २८ ऑक्टोबर १८११ ला भानपुऱ्याला तो गेला.

——

मावळमाती

म्हणजे ज्या मुलाच्या सुटकेसाठी पुण्यावर चालून आले ते मूलही वाचलं नाही.

——

घोडनदी

नाही वाचलं. आणि विषाचा संशय खरा असो वा खोटा, खंडेरावाच्या हक्काचं तोंडी नाव घेऊन उभी राहिलेली ती फौज १८०३ नंतर त्याच्यासाठी उरली नव्हती, एवढं कागदांवरून दिसतं.

वानवडीवाली, तुम्ही छत्री बघायला येणाऱ्यांना महादजींबद्दल सांगता असं लिहिलंत. जमलं तर डॉजच्या त्या चार पलटणींबद्दलही सांगा. त्यांतले शिपाई बहुतेक अवध, रोहिलखंड, दोआबातले. मराठ्यांच्या घरच्या भांडणाशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि त्या माळावर जागा न सोडणारे तेच होते.

तोफखाना, लाखेरीवर वेगळा धागा काढाल का? द बॉयनच्या रचनेबद्दल तुमच्याकडून सविस्तर वाचायला आवडेल.

——

तोफखाना

काढतो. सोबत उज्जैन आणि इंदूरच्या १८०१ च्या लढायाही घेईन, त्या वगळून हडपसरचं घोडदळ समजत नाही. रेवाकाठ, इंदूरच्या बाजूचा भूगोल तुम्ही बघून द्या.